आंघोळीनंतरचं कार्ड

आमच्या शेजारचे सबनीसकाका क्रेडिट कार्ड देवघरात ठेवतात. बाळकृष्णाच्या मागे, करंड्याला टेकवून. आंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. बरं, माणूस देवभोळा म्हणावा तर तसंही नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले, पूजासुद्धा काकूंच्या मागे नाइलाजाने करणारे.

"अगं, सेल बघितला की हात शिवशिवतात," त्यांनी मला समजावलं. "गार पाण्याने आंघोळ केली की निम्म्या वस्तू नकोशा होतात."

दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या थंडीत काका महिनोन्‌महिने काहीच का घेत नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

सोसायटीत त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नाही. लिफ्टमध्ये गाठून विचारतात, "बिल पूरा भरलंस ना? पूरा बिल, बाकी सब माया!" मिनिमम भरलं तर उरलेल्यावर व्याज, वर नव्या खरेदीवरही लगेच व्याज, हे पुराण लिफ्ट खाली पोचली तरी संपत नाही. काका दार अडवून उभे. कार्डाने एटीएममधून पैसे काढणाऱ्याशी मी बोलत नाही, असंही म्हणतात. माझ्या नवऱ्याने एकदा काढले होते. काका त्याच्याशी आठवडाभर बोलतच होते.

मध्यंतरी एका भामट्याचा फोन आला. बँकेतून बोलतोय, कार्डाचा नंबर सांगा, ओटीपी सांगा. काका अदबीने म्हणाले, "अच्छा, रुकिए, नहाकर आता हूँ." फोन टेबलावर ठेवून खरंच आंघोळीला गेले, दाढीही केली. परत आले तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं.

असा हा माणूस. त्यांच्या खात्यावरचं एक जादा कार्ड मुलीकडे, मुग्धाकडे आहे. काकू गेल्यावर बापलेकीचं काहीतरी बिनसलं आणि ती गुरुग्रामला राहायला गेली. तेव्हापासून येणं नाही, फोन नाही.

परवा दुपारी मी अळूवड्या द्यायला गेले, तर काका ताट झाकून बसलेले. समोर मोबाइल. मुग्धाच्या कार्डाची वर्षाची फी लागल्याचा मेसेज त्यांनी मला दाखवला. मला आयतीच संधी मिळाली.

"काका, फुकटची फी? लगेच बंद करा ते कार्ड. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना."

काका चष्मा पुसत राहिले. मी आणखी चिडवणार, तेवढ्यात मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावून मेसेज वाचला आणि माझ्यापुढे धरला. मुग्धाच्या ऑफिसची कँटीन, त्याच कार्डावर एका थाळीचे पैसे.

"पगार माझ्या पेन्शनच्या कितीतरी पट आहे तिचा," काका म्हणाले. "या कार्डावर दुसरं काही घेत नाही. रोज दुपारी फक्त हे. बोलत नाही गं माझ्याशी, पण जेवले म्हणून कळवते."

मी विचारलं, "मग फी भरणार?"

"पूरी," काका म्हणाले आणि त्यांनी ताटावरचं झाकण काढलं. "दे त्या वड्या. जेवली ती. आता मी बसतो."