मरायला माणूस मिळेना

"पण मरणार कोण?"

हा प्रश्न नाट्यमंडळाच्या बैठकीत उभं राहून विचारायचा, अशी पैज माझ्या मैत्रिणी मनाली आणि रेश्मा यांनी माझ्याशी लावली होती. मी विचारला. समस्त पुरुषवर्गाने तत्काळ सतरंजीचं निरीक्षण सुरू केलं.

शौर्य ही आमच्या गावची परंपरा आहे. जत्रेला दरवर्षी तेच जुनं ऐतिहासिक नाटक होतं आणि तिसऱ्या अंकात सेनापती खिंड लढवत धारातीर्थी पडतो. गेल्या वर्षी नथूकाका स्टेजवर असे पडले आणि पंधरवड्यात त्यांना डेंग्यू झाला. ते ठणठणीत बरे झाले, तरी मंडळाने दोष नाटकातल्या मरणाला दिला. (गटाराचा विषय बैठकीच्या कक्षेत येत नव्हता.)

यंदा सेनापती माझे बाबा, काळूराम. "मृत्यू माझा चाकर आहे!" असं ते गरजले की शेजारच्या वैशाखरे गावापर्यंतची कुत्री उठतात. फक्त मरायला त्यांनी नम्र नकार दिला.

"अरे काळूराम, नुसतं पडायचाच हाय," दिग्दर्शक अनिलकाका म्हणाले.

"मंग तू पड ना! माझी पोर लहान हाय."

"मी दहावीला हाय, बाबा."

"तू गप गो!"

सखोल चर्चेअंती ठरलं, सेनापती फक्त जखमी होईल. मग शत्रूचा सरदार आदेशदादा (लग्न ठरलंय) यानेही समान न्याय मागितला. मग सैनिकांनी. आता घनघोर युद्धानंतर दोन्ही सैन्यं मलमपट्टी करून चालत घरी जातात. सेनापतीच्या मुलीचा विलाप मात्र कायम राहिला, कारण तो मला पाठ झाला होता. म्हणजे समोर धडधाकट बाप बसलेला आणि मी ऊर बडवायचा. अख्ख्या नाटकात माझा तेवढा एकच प्रवेश, आणि त्यावर गाव हसणार.

तुम्हीही हसताय ना? मग आज पांढरी चादर तोंडावरून ओढून आडवे व्हा आणि घरच्यांना म्हणा, रडा. नको वाटलं? या, आमच्या मंडळात सैनिकांच्या जागा आहेत.

संध्याकाळी आईबाबा जेवायला बसले तेव्हा मी सांगून टाकलं, "बाबा, तलवार उद्यापासून माझ्याकडं. सेनापती मी होणार आन् मरणार पण. रडायचं काम तुमच्याकडं. आई, त्यांच्याकडून विलाप पाठ करून घे."