करकोच्याची पाटी

एका जंगलात एक नदी होती, नदीत एक मगर होती आणि काठावर एक पाटी होती.

पाटी साळिंदर पेंटरने रंगवली होती. स्वतःच्याच पाठीवरचा काटा उपटून, लाल रंगात बुडवून. ‘सावधान! मगर आहे. पाण्यात उतरू नये.’ खाली मगरीचं चित्र. ते थोडं पालीसारखं दिसायचं, हे मान्य. पण नवखी जनावरं ते बघून वरच्या झऱ्यावर जायची आणि जिवंत घरी परतायची.

एवढ्यावर कोणाचं समाधान होतं का, मुलांनो?

त्या वर्षी सायबेरियाहून करकोचा आला. तिकडे तो डिझाइन शिकला होता. तो एका पायावर उभा राहून बोले. दुसरा पाय त्याला अनावश्यक वाटे. त्याच्या शैलीचं नाव होतं ‘कमी’. मोराने त्याचं व्याख्यान ऐकलं आणि पिसारा मिटला तो मिटलाच.

सिंहमहाराजांनी त्याला पाटी दाखवली.

“बापरे,” करकोचा म्हणाला, “किती बोलते ही!”

लाल रंग भडक म्हणून गेला, राखाडी आला. चित्र बाळबोध म्हणून गेलं. ‘सावधान’ म्हणजे नुसता आरडाओरडा. ‘मगर आहे’मुळे मोकळी जागा गुदमरत होती. उरलं ‘पाण्यात उतरू नये’.

“‘नये’ फार नकारात्मक वाटतं, महाराज.”

“काढा. आणि एवढी जागा उरतेय, तर माझा फोटो टाका.”

करकोच्याने पाटीवर आयाळीचा एकच केस रेखाटला. महाराजांनी स्वतःला लगेच ओळखलं.

साळिंदर हात जोडून म्हणाला, “अहो, ‘नये’ तेवढं राहू द्या. कोणाचा तरी जीव जाईल.”

“काका, पाटी वाचायची नसते,” करकोचा मायेने म्हणाला. “अनुभवायची असते.”

साळिंदराने जुनी पाटी शेजारी उभी केली. ती अनधिकृत फलक म्हणून उचलली गेली. त्यालाही काठावर बंदी झाली. त्याच्या काट्यांनी दृश्य बिघडत होतं.

उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरावरून दोन चितळिणी आल्या. सख्ख्या जावा. तहानेने घशाला कोरड पडलेली.

“थांब गं,” थोरली म्हणाली. “आधी पाटी बघ.”

“‘पाण्यात उतरू’,” धाकटीने वाचलं. “किती आपुलकीने लिहिलंय हो, जाऊबाई!”

लांबून साळिंदर जीव तोडून ओरडला, “उतरू नका, बायांनो!”

“असेल कोणी खुळा,” धाकटी म्हणाली.

दोघी उतरल्या. वर एकटी थोरली आली. हे सांगताना मला आजही राग येतो, मुलांनो.

ती साळिंदराकडे गेली. “दादा, आम्ही नीट वाचलं होतं ना?”

“नीटच वाचलंत, ताई,” तो म्हणाला.

महिन्याभराने त्या पाटीला जंगलाचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक मगर होती.

“इतकी परिणामकारक पाटी मी आजवर पाहिली नाही,” ती म्हणाली. बोलताना तिचे डोळे पाणावले.

तात्पर्य : पाटी नेहमी सुंदरच असावी. ती वाचून जे वाचत नाहीत, त्यांची तक्रार कधी येत नाही.