बिनगळाचा हंगाम

हौशी सागरी मासेमारी म्हणजे, मत्स्य विभागाच्या व्याख्येनुसार, ज्या व्यक्तीला माशाची गरज नाही तिने स्वखर्चाने मासा पकडणे. अशा व्यक्तींना समुद्रात नेणे व शक्यतो परत आणणे हा बोटचालकांचा व्यवसाय होय. आमच्या धक्क्यावर तो मुख्यतः दोन बोटींवर चालत असे. लहान बोट कप्तानाची आणि मोठी बोट त्याच्या साडूची. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी असून त्यांचे एकमेकींशी उत्तम जमे. साडूंचेही जमत असे. फक्त समुद्रात आणि जमिनीवर जमत नसे.

कप्तानाला सारा धक्का कप्तान म्हणत असला तरी त्याच्या हाताखाली कोणी नव्हते. त्याला बोटीशिवाय दुसरे काही येत नव्हते. फार वेळ जमिनीवर उभे राहिल्यास त्याला गरगरत असे.

विहित लांबीपेक्षा लहान मासा समुद्रात परत सोडावा, असा नियम होता. नियम चांगला होता. तथापि, हलत्या पृष्ठभागावरील मोजमाप तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य धरता येत नसल्याने मासा बोटीवर मोजण्यास मनाई होती. तो धक्क्यावर आणायचा, तेथील कर्मचाऱ्याने पितळी पट्टीवर मोजायचा आणि लहान भरल्यास सन्मानपूर्वक पाण्यात सोडायचा. तोपर्यंत माशाला मरून बराच वेळ झालेला असे. सोडलेले मासे धक्क्यालगत पोट वर करून तरंगत राहत आणि वार्षिक अहवालात त्यांची गणना ‘मुक्त’ या सदरात होई. पाहुणे नाक दाबून बोटीत चढत आणि पुढच्या हंगामात चढतच नसत. असेच चालू राहिले तर कप्तानाला बोट कायमची बांधून ठेवावी लागणार, हे उघड होते.

अशा वेळी विभागाने बोटचालकांची मते जाणून घेण्यासाठी बैठक बोलावली. कप्तानाच्या बायकोने त्याला इस्त्रीचा सदरा दिला.

“हे बघा, एवढंच सांगायचं. मासा बोटीवरच मोजू द्या, म्हणजे जिवंत सोडता येईल. बाकी एक अक्षर बोलायचं नाही.”

“बाकी काय बोलणार आहे मी?”

“तुमचे साडू असतील ना तिथे. म्हणून सांगतेय.”

बैठकीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिच्या खिडक्या समुद्राकडे होत्या व वाऱ्याने कागद उडतात म्हणून खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या. अध्यक्षस्थानी साहाय्यक नियंत्रक होते. ते अतिशय सभ्य गृहस्थ असून समुद्र त्यांनी निवृत्तीनंतर पाहण्यासाठी राखून ठेवला होता.

“सूचना दोन प्रकारच्या असतात,” ते म्हणाले. “निर्बंध वाढवणाऱ्या त्या रचनात्मक. निर्बंध कमी करणाऱ्या त्या हितसंबंधी. आपण रचनात्मक आधी घेऊ. वेळ उरला तर दुसऱ्या ऐकू.”

कप्तानाची सूचना दुसऱ्या प्रकारात मोडत होती. तो हाताची घडी घालून बसला आणि बायकोचे वाक्य मनात घोळवू लागला. साडू मात्र लगेच उभा राहिला.

“साहेब, लहान बोटी खडकापलीकडे खोल समुद्रात जातात. पाहुण्यांच्या जिवाला धोका आहे. मी कोणाचं नाव घेत नाही.”

नाव घेण्याची गरज नव्हती. धक्क्यावर लहान बोट एकच होती.

“रचनात्मक,” साहाय्यक नियंत्रक म्हणाले आणि त्यांनी लेखनिकाकडे पाहिले. लेखनिकाने लिहिले.

कप्तानाच्या मनात घोळणारे वाक्य तेथेच सांडले. “मग माझंही घ्या,” तो म्हणाला. “मोठ्या बोटीवर ही एवढी माणसं कोंबतात आणि सगळे एकदम गळ टाकतात. माशाला पोहायला जागा राहत नाही. एका बोटीवर एकच गळ पाहिजे.”

“रचनात्मक.”

“चालेल ना,” साडू शांतपणे म्हणाला. “पण त्या गळाच्या दांडीला चालकाचा हात लागता कामा नये. काही लोक मासा गळाला लागेपर्यंत दांडी स्वतः धरतात, मग हळूच ती पाहुण्याच्या हातात देतात आणि म्हणतात, वा, काय हात आहे तुमचा.”

ही पद्धत धक्क्यावर सर्वांचीच होती आणि ती जगजाहीर करण्याची पद्धत कोणाचीच नव्हती. कप्तानाचे कान लाल झाले.

“तुम्ही नाही का देत, साडूभाऊ? त्या दंतवैद्याला तुम्ही सलग दोन हंगाम वाघ म्हणत होतात. त्याला गळाला आमिष लावता येत नाही. आमिषाला बोट लागलं की बेसिनपाशी जाऊन हात धुतो.”

“मी आमिषाचा विषय काढलेला नाही.”

“मी काढतो. आमिषावर बंदी घाला, साहेब. माशाची फसवणूक होते.”

“अतिशय रचनात्मक,” साहाय्यक नियंत्रक म्हणाले. फसवणुकीचा मुद्दा विभागाच्या लक्षात आजवर आला नव्हता.

“फसवणुकीचं सोडा, इजेचं बघा,” साडू म्हणाला. “आमचे साडूभाऊ घरी बसून गळाला धार लावतात. ताई सांगत होत्या, खिडकीत बसून तास न् तास घासत असतात.”

“गळाने इजाच होते, साडूभाऊ. मग घाला की सगळ्या गळांवरच बंदी. तुमच्याही आणि माझ्याही. होऊन जाऊ द्या एकदाचं.”

हे तो संतापाने म्हणाला होता. परंतु स्वराची नोंद घेण्याची तरतूद इतिवृत्तात नव्हती. सूचना बोटचालकांकडूनच आली होती व तिला कोणी हरकत घेतली नाही. साडू पाणी पीत होता. ती एकमताने संमत झाली. साहाय्यक नियंत्रकांनी घड्याळ पाहिले. हितसंबंधी सूचनांसाठी वेळ उरला नव्हता. चहा आला.

कप्तान घरी पोचला तो शीळ घालत.

“मोजायचं बोललात?” बायकोने विचारले.

“त्याची मोठी बोट एका गळावर आणली. मग तोही काढून घेतला.”

“आणि आपला?”

“आपलाही गेला. पण त्याचे जास्त होते.”

बायकोने बहिणीला फोन लावला. पलीकडून बहीण म्हणाली, “ताई, आमच्याकडे पण जिंकून आलेत. जेवायला गोड मागतायत.”

नवे नियम हंगामाच्या तोंडावर लागू झाले. हौशी मासेमारीस पूर्वीप्रमाणेच परवानगी होती. प्रत्येक बोटीवर एक दोरी, तीही बिनगळाची व बिनआमिषाची, खडकाच्या अलीकडे, आणि चालकाने दांडीस स्पर्श न करता. लहान माशांचा प्रश्न सोडवल्याबद्दल विभागाचे सर्वत्र अभिनंदन झाले. खडकापलीकडे मोठी जहाजे अवाढव्य जाळी ओढीत होती. ती हौसेने ओढत नसल्यामुळे त्यांना हे नियम लागू नव्हते.

पहिल्या दिवशी कप्तानाच्या बोटीवर एक नवविवाहित जोडपे आले. नवऱ्याने बराच वेळ दोरी पाण्यात धरली.

“काका, मासा लागला हे कळतं कसं?”

“लागत नाही,” कप्तान म्हणाला. “त्यामुळे कळायचा प्रश्न येत नाही.”

“मग आपण परत कधी जायचं?”

“तुम्हाला वाटेल तेव्हा.”

नवऱ्याला लगेच वाटले. त्यानंतर कोणी आले नाही. दोन्ही बोटी शेजारी शेजारी बांधल्या गेल्या आणि त्यांचे मालक धक्क्याच्या कठड्यावर शेजारी शेजारी बसू लागले. कप्तानाला गरगरत असे. साडू त्याला लिंबू आणून देई.

“तुम्ही खडकाचं काढलं नसतं तर,” कप्तान म्हणे.

“तुम्ही गळांचं काढलं नसतं तर,” साडू म्हणे. आयुष्यात प्रथमच दोघांचे मत जुळत होते.

अखेर दोघे मिळून साहाय्यक नियंत्रकांना भेटले. त्यांनी फक्त गळ परत मागितला. साहाय्यक नियंत्रकांना मनापासून वाईट वाटले.

“नियम शिथिल करता येतो,” ते म्हणाले. “पण पुन्हा मते मागवावी लागतील. आणि या खेपेला तुमची घेता येणार नाहीत. तुमचा यात हितसंबंध आहे. ज्यांचा बोटीशी, माशांशी, समुद्राशी काडीचाही संबंध नाही अशा निःपक्ष नागरिकांना विचारू.”

“ते काय सांगणार?” साडूने विचारले.

“रचनात्मक सांगतात,” साहाय्यक नियंत्रक म्हणाले.

त्याप्रमाणे एक कर्मचारी सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर उभा करण्यात आला. गेल्या रविवारी आपण सहकुटुंब तेथे फिरायला आला होतात. सूर्य बुडण्याच्या बेतात होता, आपण फोटो काढत होतात आणि चौकटीत त्या दोन बोटी सारख्या येत होत्या. कर्मचाऱ्याने आपले मत विचारले. समुद्रात गळ टाकण्याचा आपल्याला काहीच अनुभव नव्हता. पण मत नाही असे म्हणणे आपल्याला बरे वाटले नाही.

“या बांधलेल्या बोटी हलवायला हव्यात,” आपण सहज म्हणालात. “समुद्र दिसत नाही.”

कालपासून तो छान दिसतो आहे. विभाग आपला आभारी आहे.