काचेवरचा डाग

"यातली अवनी कुठली ते सांग," शोभनाने फोटो सूर्यकांतच्या नाकासमोर धरला.

सूर्यकांतने चष्मा कपाळावर चढवला. फोटोत एक बत्तीस मजली टॉवर होता, पायथ्यापासून टोकापर्यंत अख्खा, वर थोडं आकाशसुद्धा. टॉवरच्या पायाशी तीन ठिपके होते.

"ही काय. गुलाबी ठिपका."

"तो निखिल आहे. त्या वर्षी गुलाबी टीशर्ट अंगातून काढतच नव्हता तो."

अबूधाबीत, अल रीम आयलंडवरच्या सतराव्या मजल्यावर, डायनिंग टेबलभर बारा वर्षांचे फोटो पसरले होते. त्यांतून गुहागरच्या रंभाबाईंसाठी, म्हणजे सूर्यकांतच्या आईसाठी, स्क्रॅपबुक करायचं होतं. त्यांची पंचाहत्तरी तीन आठवड्यांवर आली होती. सूर्यकांतने रजा टाकली होती, ती मंजूरही झाली होती, आणि मग प्रोजेक्टचं हँडओव्हर नेमकं त्याच आठवड्यात येऊन बसलं. एकुलता एक मुलगा आईच्या पंचाहत्तरीला नाही, ही गोष्ट त्याला जेवताना टोचायची, गाडी चालवताना टोचायची. आपण नाही तर निदान आपले चेहरे तरी जावेत, म्हणून हे स्क्रॅपबुक. पण चेहरे होते कुठे?

सूर्यकांत टॉवरना काचा बसवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होता. पहिल्यांदा आखातात आला, तेव्हा रूमवरच्या जुन्या मंडळींनी त्याला शिकवलं होतं, की घरी फोटो पाठवायचा तर मागची बिल्डिंग पूर्ण आली पाहिजे. नाहीतर तुम्ही परदेशात आहात हे गावाला कळणार कसं? हा नियम त्याने एकादशीसारखा पाळला. टॉवरचं टोक फोटोत यावं म्हणून तो भर फुटपाथवर पालथा पडायचा. दर वर्षी असे दहा-बारा फोटो छापून गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत पाकीट टाकायचा आणि एक प्रत घरी ठेवायचा.

"हे बघ, खालच्या काचेवर डाग आहे," तो फोटो निरखत म्हणाला. "हे क्लीनिंगवाले खालचं पॅनल कधी नीट पुसत नाहीत." त्याने दुसरा फोटो उचलला. "यातपण डाग! ही तर दुसरी बिल्डिंग आहे. आणि यातपण!"

"अरे, आपण आईंना माणसं पाठवतोय का काचांचा इन्स्पेक्शन रिपोर्ट?" शोभनाने सगळे फोटो गोळा करून खोक्यात टाकले. "खलास. नवे काढायचे. आणि खलिफा सिटीत एक इशिता मॅडम क्लास घेतात, फॅमिली फोटोंचा. शनिवारी तू जातोयस. फी दोनशे दिरहॅम."

"दोनशे दिरहॅम? म्हणजे पाच हजार रुपये झाले की गं!"

"आईसाठी आहेत," शोभना म्हणाली. सूर्यकांतने फी भरून टाकली.

क्लासला अकरा बायका होत्या आणि सूर्यकांत. इशिता मॅडमनी पहिलाच नियम सांगितला, "माणसाच्या जवळ जा."

सूर्यकांतने हात वर केला. "किती जवळ? म्हणजे मीटरमध्ये?"

"असं काही नसतं हो. प्रेमाने जवळ जा."

"तरी टॉलरन्स, म्हणजे थोडं मागेपुढे, साधारण किती धरू?"

मॅडम हताश झाल्या. "ऐंशी सेंटिमीटर," त्या म्हणाल्या, आणि सूर्यकांतने ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मागचं सगळं धूसर दिसलं पाहिजे. कपडे एका रंगाचे हवेत. चेहऱ्यावर उजेड पडायला चकचकीत फळी धरावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'हसा' असं कधीही म्हणू नये. माणसं काहीतरी करत असली की आपोआप हसतात. घरी येऊन त्याने या सगळ्याची चेकलिस्ट बनवली, खाली सहीसाठी जागा ठेवली आणि ती फ्रिजवर चिकटवली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सगळं कुटुंब पिस्ता रंगाचे कपडे घालून टॉवरखाली उतरलं. सूर्यकांतच्या एका हातात साइटचा कॅमेरा होता, दुसऱ्या हातात मेजरिंग टेप, आणि काखेत स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळलेला थर्माकोलचा मोठा तक्ता. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं. त्याने टेप अवनीच्या नाकापासून कॅमेऱ्यापर्यंत धरली.

"बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग," चौदा वर्षांचा निखिल पुटपुटला.

तेवढ्यात बिल्डिंगचा सिक्युरिटी गार्ड अर्सलान धावत आला. "साब, ये क्या चल रहा है? सातवें माले से कंप्लेंट है, सीधा आँख में लाइट जा रही है!"

"भाईसाब, मेरी माँ के लिए फोटो निकाल रहा हूँ. पचहत्तर साल की हो रही है."

अर्सलानने टोपी नीट केली. "माँ के लिए? तो फिर दीजिए, मैं पकड़ता हूँ. आप से टेढ़ा हो रहा है." आणि तो तक्ता घेऊन उभा राहिला. पुढचा अर्धा तास बिल्डिंगच्या गेटवर कोणीही नव्हतं.

सूर्यकांतने फोटो काढायला सुरुवात केली. चार-पाच काढून त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "जमलं! मागची बिल्डिंग एकदम धूसर आलीये!"

अवनीने डोकावून पाहिलं. "बाबा, इव्हन वुई आर ब्लर्ड."

घरात एसी बावीसवर आणि बाहेर सप्टेंबरची घामट हवा. कॅमेऱ्याच्या लेन्सवर आंघोळीनंतरच्या आरशासारखी वाफ धरली होती. सूर्यकांतने ती पुसली, ती पुन्हा धरली. पुन्हा पुसली, पुन्हा धरली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. वीस मिनिटांनी लेन्स साफ झाली, तोवर शोभनाची पावडर गळ्यापर्यंत उतरली होती.

"आता काहीतरी करा," चेकलिस्ट बघत सूर्यकांतने हुकूम सोडला. "माणसं काहीतरी करत असली पाहिजेत."

त्यासाठी त्याने थर्मासमधून कुल्फ्या आणल्या होत्या. कुल्फी खाणारं कुटुंब, किती नैसर्गिक! पण त्या हवेत कुल्फी तिसऱ्या मिनिटाला काठी सोडते, हे चेकलिस्टमध्ये नव्हतं. अवनीच्या पिस्ता फ्रॉकवर आंबा कुल्फीचा ओघळ आला. निखिलच्या कोपरापासून थेंब गळू लागले.

"हलू नका! नॅचरल राहा! मी सांगतोय ना, नॅचरल!" सूर्यकांत ओरडला आणि ऐंशी सेंटिमीटर नेमके साधायला गुडघ्यावर बसला. त्याच क्षणी शोभनाची अर्धी कुल्फी काठीवरून सुटली आणि त्याच्या टकलावर जाऊन बसली.

आधी अर्सलानचा तक्ता थरथरायला लागला. मग अवनी फुटली, मग निखिल, आणि मग शोभना अशी हसली की तिला मुलांच्या खांद्यांना धरावं लागलं. टकलावरून कुल्फी ओघळत असताना सूर्यकांतचं बोट मात्र बटणावर होतं, आणि त्याने ते दाबलं.

फोटो इतका चांगला आला की रात्री तो पुन्हा पुन्हा तोच बघत बसला. बायको-मुलांचे चेहरे त्याने इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. स्क्रॅपबुकच्या पहिल्या पानावर तो फोटो गेला, पुढे त्याच संध्याकाळचे आणखी आठ. गुरुवारी ऑफिसातली स्वप्नाली चिपळूणला निघाली होती, तिच्याबरोबर ते गेलं आणि पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी गुहागरला पोचलं.

वाढदिवसाच्या सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नेहमीप्रमाणे तिचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता.

"मिळालं का, आई?"

"मिळालं रे. काय गोड हसतायत पोरं! शोभनाच्या हनुवटीवरचा तीळपण दिसला. पण सूर्या, तू कुठे आहेस?"

"मी फोटो काढत होतो ना, आई."

"ते तू आधीपण काढायचास. तेव्हा दिसायचास की."

"मी? मी कुठल्याच फोटोत नाहीये."

"तुला काय माहीत?" पडद्यावरचं कपाळ गेलं आणि तिथे एक जुना फोटो आला, त्यावर भिंग. भिंगाखाली बिल्डिंगच्या तळमजल्याची काच होती आणि काचेत, बायको-मुलांच्या पायांमधून, एक माणूस फुटपाथवर पालथा पडला होता. कॅमेरा डोळ्याला, जीभ बाहेर. "काचेत असतोस तू. सगळ्या फोटोंत. गेल्या वर्षी पोट सुटलंय हे मला यातनंच कळलं. दर पाकीट आलं की आधी तुला शोधायचे, मग बाकीच्यांना. मी काय बिल्डिंगी बघत होते होय रे?"

सूर्यकांतने खोक्यातून एक जुना फोटो काढून डोळ्यांजवळ धरला. ज्या डागाबद्दल तो क्लीनिंगवाल्यांना बोल लावायला निघाला होता, तो डाग तो स्वतःच होता. त्याला हसू आलं. शोभनाने फोन हातात घेतला.

"आई, तुम्हाला यालापण फोटोत घालून पाठवते. आजच."

संध्याकाळी चौघं पुन्हा खाली उतरले. पिस्ता नाही, टेप नाही. सूर्यकांतने फोन अर्सलानच्या हातात दिला. "भाई, इस बार मैं भी आऊँगा. नजदीक से लेना."

"नजदीक से?" अर्सलानला हे मुळीच पटलं नाही. "साब, बिल्डिंग पूरी नहीं आएगी तो घरवाले देखेंगे क्या?" आणि कोणी काही म्हणायच्या आत, इस्त्रीच्या युनिफॉर्मसकट, तो फुटपाथवर पालथा पडला.

सूर्यकांत काहीतरी बोलणार होता, पण शोभनाने त्याचा हात दाबला.

फोटो गेला. बत्तीस मजले, वर आकाश, खाली चार ठिपके. दोनच मिनिटांत आईचा फोन आला. या वेळी कपाळ नव्हतं, नुसतंच भिंग होतं.

"सापडलास," ती समाधानाने म्हणाली. "बारीक हो जरा. पण काय रे, हा काचेत पालथा पडलाय तो कोण?"

"खालचा गार्ड आहे, आई. अर्सलान. त्यानेच काढला फोटो."

"त्याला आई आहे?"

सूर्यकांतने वळून विचारलं. अर्सलान गुडघ्यांवरची धूळ झटकत होता. "है ना, साब. मुलतान में. तीन साल हो गए."

"आहे म्हणतो. मुलतानला. तीन वर्षं झाली भेटून."

"मग तिलापण पाठव हा फोटो," रंभाबाई म्हणाल्या. "आणि त्याला म्हणावं, आईला सांग, बिल्डिंग बघू नको. खालच्या काचेत बघ."