मानेबापूंचा आठ मिनिटांचा कॅनडा

बहारीनमध्ये लोक बर्फ विकत घेतात ते दोन कामांसाठी. मासे टिकवायला आणि सरबतात घालायला. आमच्या मानेबापूंनी त्याला तिसरं काम लावलं. गेल्या डिसेंबरपासून दर शुक्रवारी सकाळी ते मासळीबाजारातून चार पोती चुरा बर्फ आणत, हिद्दच्या वर्कशॉपमागच्या सिमेंटच्या उतारावर फावड्याने पसरत, आणि त्याच्यावर गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर चढवत.

हिवाळा झाला तरी ऊन इथलंच. बर्फ पसरून होईतो त्याचं पाणी व्हायला लागे. "यल्ला, चला साहेब, घड्याळ बगा! आठ मिन्टात कॅनडा खलास हुतोय!" असं ओरडत बापू सीटवर बसत. मी घड्याळ घेऊन कडेला उभा. बर्फाला बांगड्यांचा वास असल्यामुळे पंचक्रोशीतली मांजरं आमचा प्रयोग बघायला जमत. चाक जागच्या जागी फिरलं की बापू मांजरांकडे बघून म्हणत, "मफी पकड!" मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'.

पकड हे बापूंचं तत्त्वज्ञान होतं. मूळचे कागलकडचे, एका बागकाम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मशीनं दुरुस्त केलेली. जगातल्या सगळ्या वस्तू त्यांनी पकड असलेल्या आणि पकड नसलेल्या अशा दोन ढिगांत टाकल्या होत्या. माझ्या बायकोच्या पोळीला पकड होती. नव्या मॅनेजरला मफी. मी अकाउंटंट, हमद टाउनमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारा, स्वभावाने अबोल. माझ्याबद्दल ते म्हणत, "साहेब मानूस चांगला, पर बोलन्यात पकड न्हाई. शब्द तोंडातच घसरत्यात." ते किती खरं बोलत होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

या सगळ्या खटाटोपाचं कारण होतं बापूंची मुलगी वैशाली. ती कॅनडात असते, गावाबाहेरच्या घरात. घरापासून रस्त्यापर्यंत लांब उतार आहे. आधीचा घरमालक एक जुना छोटा ट्रॅक्टर मागे टाकून गेला. उन्हाळ्यात त्याने गवत कापायचं, हिवाळ्यात पुढे पातं लावून बर्फ लोटायचा. पण बर्फात त्याची चाकं नुसतीच गरगरत. हे तिने मला कळवलं, मी सहज चहा पिताना बापूंना सांगितलं.

"मला काय त्याचं?" बापू म्हणाले आणि उठून गेले. दुसऱ्याच शुक्रवारी सकाळी सहाला दार वाजलं. "चला. बर्फ आनायचाय. आन् माजं नाव काडायचं न्हाई."

बाप-लेक तीन वर्षं बोलत नव्हते. त्यामुळे सगळा सल्ला माझ्या नावाने जाऊ लागला. बापू सांगत, मी लिहून घेई आणि रात्रभर सांभाळून दुसऱ्या दिवशी तिला पाठवी. मागच्या चाकांना शिडीसारखी साखळी बांध. बांधून दहा मिनिटं चालव, थांब, पुन्हा आवळ. टायरमधली हवा थोडी कमी कर. सीटमागे वाळूची पोती ठेव, मागच्या चाकांवर ओझं पडू दे.

उपाय लागू पडत गेले. "काका, यू आर अ जीनियस!" ती लिहायची. एकदा लिहिलं, "बाबांना तर मी हे विचारूही शकले नसते." ते वाक्य मी बापूंना वाचून दाखवलं नाही.

तिथल्या मराठी मंडळीत माझं नाव 'बर्फवाले काका' पडलं. नागपूरच्या एका दंतवैद्यांनी फोटो पाठवून विचारलं, "काका, रबरी साखळी चालेल की लोखंडीच घेऊ?" मी आयुष्यात बर्फ पाहिला तो पन्ह्यात आणि बापूंच्या उतारावर. तरी गंभीरपणे लिहिलं, "पाहून कळवतो," आणि दोन-दोन पायऱ्या गाळत बापूंकडे खाली पळालो. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायला लागलं होतं.

लाजेचं खरं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते आता लिहूनच टाकतो. बाप-लेकीत अबोला कशाने झाला हे मला माहीत होतं. तो माझ्यामुळे झाला होता.

तीन वर्षांपूर्वी वहिनी, म्हणजे बापूंच्या पत्नी, इथल्या हॉस्पिटलात होत्या. बापू मला म्हणाले, "साहेब, वैशूला कळवा. ये म्हनावं. माजा आवाज फुटंल." मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. मला वाटलं, पोरीची नवी नोकरी, कशाला घाबरवा? उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. खरं म्हणजे वाईट बातमी द्यायला माझी जीभच उचलत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनी गेल्या, आणि तेव्हा मी फोन केला.

बापूंनी विचारलं, "परवाच कळवलं हुतं न्हवं?"

मी मान हलवली.

तेवढंच. एक मान. वैशालीचा रडत फोन आला तेव्हा बापू म्हणाले, "आता येऊन काय करतीस? ऱ्हा तितंच." त्यांना वाटलं, कळूनही पोर निघाली नाही. तिला वाटलं, बापाने आईचं आजारपण लपवलं. आणि दोघांच्या मध्ये मी, दोघांचा विश्वासू माणूस.

आता त्या शुक्रवारची गोष्ट. साखळी लावली, ओझं ठेवलं, तरी उताराच्या शेवटच्या वळणावर वैशालीचा ट्रॅक्टर घसरतच होता. बुधवारी बापूंनी ब्रह्मास्त्र काढलं. "टायरात पानी भरा म्हनावं. पाऊन भाग. आमच्याकडं नांगराला जाताना असंच भरत्यात. चाक जड झालं की जाग्यावरनं हलत न्हाई." मी गुरुवारी कळवलं. तिचं उत्तर आलं, "ओके काका, उद्या सकाळी ऑफिसच्या आधी गॅरेजमध्ये भरते."

शुक्रवारी प्रयोग आटोपून बापू आमच्याकडे जेवायला आले. जेवायला तीन वाजले. बायकोने फ्रीजरमध्ये विसरलेली पाण्याची बाटली काढून त्यांच्यासमोर ठेवली. बाटली गरोदर बाईसारखी फुगलेली. बापूंनी ती ग्लासावर उपडी धरली. थेंब पडेना.

"वितळू दे जरा," बायको म्हणाली.

बापू बाटलीकडे बघत राहिले. ज्या देशात पाणी उकळायची भीती तिथे तीस वर्षं राहिलेला माणूस. हातातला घास ताटात पडला.

"साहेब. टायरातलं पानी गोठंल."

"अं?"

"आवं गोठंल! असंच फुगंल! टायर फुटला तर पोर त्या उतारावनं गाडीसकट रस्त्यावर जाईल! फोन लावा. आत्ता!"

तिकडे सकाळचे सात वाजले होते. माझ्या खरकट्या हाताने नंबर लागेना. बापू डोक्यावर उभे. "आत्ता म्हनलं की! उशीर करू नका!"

उशीर हा शब्द त्यांनी साधाच वापरला होता.

तिने उचलला. मी स्पीकरवर ओरडलो, "वैशाली, पाणी भरू नकोस! गोठेल!"

"काका, मलाही तेच वाटत होतं. इथे कोणी साधं पाणी भरत नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणून... तुमचं काही चुकत नाही ना."

'ठीक आहे, काळजी घे' म्हणून ठेवता आला असता. बापूही तशीच खूण करत होते. पण माझ्या भरवशावर ही पोर टायरात पाणी भरायला निघाली होती. माझ्या!

"वैशाली, मला ट्रॅक्टरमधलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो. "सगळं तुझ्या बाबांनी सांगितलंय. साखळी, वाळू, सगळं. दर शुक्रवारी बर्फ आणून स्वतः चालवून बघतात. ते इथेच उभे आहेत. आणि आईच्या वेळी त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वैशूला बोलवा म्हणून. मी फोन केला नाही. दोन दिवस केला नाही. त्यांना मात्र केला असं भासवलं. तुमच्या दोघांचा यात काही दोष नाही."

एका दमात बोललो. इतकं सलग मी लग्नातही बोललो नव्हतो. बायको तोंडावर पदर घेऊन उभी होती.

बापूंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "तुजं नंतर बगतो," म्हणाले. सोळा वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा त्यांनी मला अरेतुरे केलं. छातीवरचं पोतं कोणी उचलावं तसं मला झालं. (या गोष्टीला दोन महिने झाले. ते 'नंतर' अजून आलेलं नाही. आलं तर मी तयार आहे.)

मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि घसा साफ केला.

"किती भरलंस?"

तिकडे गॅरेजचं दार वाजलं. मग, "एका चाकात. अर्धं."

"काड समदं. व्हॉल्व खाली येईल असं चाक फिरव आदी. जॅक हाय का?"

"आहे, बाबा."

अर्धा तास हेच चाललं होतं. आईचा विषय कोणी काढला नाही. मध्येच ती रडत होती, मध्येच तेही, पण बोलणं चाललं होतं व्हॉल्वचं. जेवण निवलं. मी जागचा हललो नाही, मला कोणी जा म्हणालं नाही.

"फोन फिरव," शेवटी बापू म्हणाले. "चाक दाव मला."

पडद्यावर गॅरेज आलं, साखळी लावलेलं चाक आलं, मागे उघड्या दारातून पांढरंशुभ्र काहीतरी. बापूंनी चष्मा पुसला, चाक नीट न्याहाळलं.

"चांगली बांदलीयास," ते म्हणाले. "दिसलं चाक. आता जरा वर धर. तू दिसशील असं."