पाचांतले कोणतेही तीन

माणसं कुलपाचा आकडा विसरतात आणि मग बोंबलत फिरतात. आमच्या इनास सरांनी तो मुद्दाम विसरून दाखवला, आणि वर त्या आनंदात सगळ्यांना सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, वाटली.

माणिकपूरच्या शाळेत ते गणित शिकवत, मी भूगोल. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास त्यांची बायको गेली, मुलगा आखातात गेला आणि गिरीज गावातल्या घरात सर एकटे उरले. तेव्हा त्यांनी बायकोच्या कपाटाला आकड्यांचं कुलूप घातलं. आलेखाचं कसलंसं गणित मांडून आम्हा पाच जणांच्या कानात पाच वेगळे आकडे सांगितले आणि ती आकडेमोड चुलीत घातली. पाचांतले कोणतेही तीन जमले, तरच कुलपाचा आकडा निघणार. दोघांना काही कळणार नाही, सरांना तर नाहीच.

"एकट्यावर विसंबू नये," हे त्यांचं पालुपद. "एकटा गेला की संपलं."

बरं, एवढ्यावर भागेल तर ते इनास सर कसले! दरवर्षी नाताळनंतरच्या रविवारी आम्ही जेवायला हजर राहायचं. मग सर प्रत्येकाच्या कानात नवी भर सांगत, ती आपल्या आकड्यात मिळवायची.

"तुमचे आकडे बदलतात, कुलपाचा तोच राहतो. चोराने गेल्या वर्षीचे दोन आणि यंदाचा एक गोळा केला, तर बसेल हात चोळत."

गिरीजमध्ये चोरी झालीच तर केळीच्या घडांची. पण हे सरांना कोण सांगणार?

एका वर्षी आम्ही तिघेच आलो. मी, शेजारच्या वाडीतला मार्टिन आणि पाचूबंदरचा पावलू. पावलू सरांचा जुना विद्यार्थी, आता मासेमारीला जाणारा. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "सर, आज तिघं हायेत ना? मंग उघडूनच टाकू. दरवर्षीची कटकट कशाला?"

मार्टिनने मान डोलावली. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू? तिघांनी मागितलं की नाही म्हणायचं नाही, हा नियम सरांचाच.

मी ताटं ठेवायला आत गेले. सर मागोमाग आले आणि कोरडेच कप पुन्हा पुसत बसले.

"बाई, उघडलं की पुढच्या वर्षी कोण येणार हो?"

एवढी वर्षं या माणसाला आम्ही विक्षिप्त म्हणत होतो.

बाहेर सरांनी पाटी घेतली. मार्टिनने आकडा सांगितला, पावलूने सांगितला. माझा मला झोपेतही पाठ होता. मी भलताच सांगितला.

सरांनी गणित केलं, चाकं फिरवली. कुलूप ढिम्म.

"बाई, तुमीच चुकल्या," पावलू म्हणाला.

"असेन बाबा. वय झालं."

"भूगोलवाल्यांचं पाठांतर कच्चंच," सर म्हणाले. उत्तर चुकल्यावर खूश झालेले सर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग त्यांनी सगळ्यांना नवी भर सांगितली. माझ्या कानाशी वाकले तेव्हा आणखी एक वाक्य हळूच सांगितलं.

"पुढच्या वर्षीही अशाच विसरा, बाई."