भोजराजभाऊंचं नमन

भोजराजभाऊ मोबाइलवर गेम खेळायच्या आधी चपला काढतात. माझ्या दुकानात असले तर दाराबाहेर, घरी असले तर ओट्याखाली. एकदा तुमसरहून येताना बसमध्ये उभ्याउभ्या खेळायची वेळ आली, तेव्हाही काढल्या. उतरताना एक सापडली नाही. एका चपलेनं आमच्या गावी, सिहोऱ्यात उतरले आणि वर मलाच म्हणाले, "ढोलकीले हात लावाले चपला घालून बसते का कोनी?" हातात ढोलकी नव्हती, काच तडकलेला मोबाइल होता. पण हे त्यांना सांगणार कोण?

बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचे दाखले आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड यांनी माझं डोकं पिकलेलं असतं. त्यात संध्याकाळी राइस मिल सुटली की भोजराजभाऊ हजर. मिलमध्ये मशीन सांभाळतात, त्यामुळे मिशीवर कोंडा, भुवयांवर कोंडा, कानात कोंडा. पन्नाशी उलटलेला माणूस, पण दारातून आत येताना शाळेचा निकाल लागल्यासारखा चेहरा.

"राजू, रिप्लाय आला का?"

हाच त्यांचा रामराम. मी नकारार्थी मान हलवतो. ते बाकावर बसतात आणि म्हणतात, "येईन. घाई नाई."

हा गेम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाणं वाजतं, वरून ठिपके पडतात, ठिपका खालच्या रेघेवर आला की नेमक्या तालावर बोट मारायचं. चुकलं की गुण गेले. एवढीच भानगड. पण त्यात एक सोय आहे. कुणालाही आपलं गाणं घालून, एकेक ठिपका हातानं मांडून नवी लेव्हल करता येते. ती गेमच्या चाहत्यांच्या एका ग्रुपकडं पाठवायची. तिथं रिव्ह्यूअर म्हणून काही हौशी मंडळी बसलेली असतात, ना पगार ना भत्ता. त्यांनी खेळून पास केली तर लेव्हल साऱ्या जगाच्या यादीत लागते. नाही तर पडून राहते. नापाससुद्धा होत नाही, नुसती पडून राहते. आमच्याकडच्या अर्जांसारखंच आहे म्हणा.

गेम भाचीनं दिवाळीत फोनमध्ये टाकून दिला आणि ती नागपूरला निघून गेली. भोजराजभाऊंनी पहिल्या आठवड्यातच सगळ्या लेव्हली संपवल्या. संपणारच. जन्मभर दंडारीत ढोलकी वाजवलेला माणूस. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभर दंडार. नाच, गाणी, सोंगं, आणि उजाडेपर्यंत मांडी न मोडता बसलेली माणसं. अर्ध्या दंडारीतून उठणं म्हणजे पंगतीत वाढलेलं ताट सरकवून उठणं.

ती दंडार आता मोडली. कशी मोडली, हे भोजराजभाऊंना विचाराल तर ते थेट जिल्ह्याच्या विभाजनावर जातात. "जिल्हा फुटला अन् माह्यी दंडार फुटली." त्यांचा गाणारा झिंगरू तिरोड्याकडचा. विभाजनात झिंगरूचं गाव गोंदिया जिल्ह्यात गेलं. आता गाव काही जागचं हललं नाही, अंतर होतं तेवढंच राहिलं, झिंगरू सायकलवर यायचा तसाच येत राहिला. पण भोजराजभाऊंचा हिशेब पक्का. "जिल्हा येगळा झाला की मानसाचा सूर येगळा होते." खरं कारण सगळ्या सिहोऱ्याला ठाऊक आहे. मंडईत डीजे आला. लोक उभ्यानं नाचायला लागले, बसून ऐकणारं कुणी उरलं नाही. पुढं झिंगरूचा गळाही बसला. ढोलकी खुंटीवर गेली.

शेवटची दंडार बपेऱ्याच्या मंडईत झाली. ती कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. भोजराजभाऊंनी त्यातल्या अकरा मिनिटांची लेव्हल केली. मिलमधून आल्यावर रोज थोडी थोडी, अख्खा उन्हाळा. ढोलकीच्या प्रत्येक थापेला एक ठिपका. वहिनी वैतागून माझ्याकडं तक्रार घेऊन आल्या होत्या. "घरात ढोलकी होती तवा आवाज तरी यायचा. आता हा मानूस नुसता काचेवर टकटक करते. एवढी बोटं तुरी निवडाले लावली असती तं पोतं झालं असतं!"

लेव्हल मी पाहिली. सुरुवातीला एकही ठिपका नाही. झिंगरूचा आवाज, मागं टाळ, आणि पडदा कोरा. बराच वेळ कोरा. मला वाटलं फोन अडकला.

"भाऊ, हे बिघडलं वाटते."

"बिघडलं नाई गा, नमन आहे थे. नमनाले ढोलकी नसते. हात जोडून बसाचं."

"गेममध्ये हात जोडून बसाचं?"

"मंग काय बोटं चालवाचे देवापुढं?"

नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच, असं मी तेव्हाच सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. लेव्हलवर लावायला एक चित्र लागतं. बाकीच्या लेव्हलींवर मोठ्या डोळ्यांच्या चित्रातल्या पोरी. भोजराजभाऊंनी स्वतःचा फोटो लावला. डोक्याला फेटा, मांडीवर ढोलकी, डोळे मिटलेले.

महिन्याभरानं रिप्लाय आला. एका ओळीचा. सुरुवात रिकामी आहे, काम अर्धवट दिसतं, पूर्ण करून पाठवा.

मी वाचून दाखवलं आणि तो माणूस माझ्यावरच उखडला. "रिकामं? नमन रिकामं असते का? लिही त्याले! म्हनावं, बाबू, तू बसलाच नाईस. पुढं झिंगरूची लावणी आहे, त्याच्यामागं माह्यी ढोलकी आहे, तिथवर तं ये! देवाच्या नावात उठते कोनी? तुह्या घरी शिकवलं नाई का?" मी इंग्रजीत लिहिलं, कृपया शेवटपर्यंत खेळून पाहावे. "एवढंच?" म्हणाले. "मी एवढं बोललो अन् एवढंच झालं?" मी म्हणालो, इंग्रजीत कमी जागा लागते.

त्यावर रिप्लाय नाही. पाऊस लागला, धानाची रोवणी झाली, रिप्लाय नाही.

मी त्यांना कितीदा समजावलं. हे रिव्ह्यूअर म्हणजे देशोदेशीची कॉलेजातली पोरं. त्यांची परीक्षा असते, आईबाप ओरडतात, आणि रांगेत लेव्हलींचा ढीग. ओळखीचं गाणं दिसलं की थांबतात, ओळखीचं नाव दिसलं की थांबतात. बाकीच्यांचं चित्र बघतात, पहिल्या चार ठोक्यांत मजा आली तर पुढं, नाही तर खालची लेव्हल. त्यांत दुष्टावा नाही. त्यांना वेळ नाही. आणि तुमचं गाणं झाडीपट्टीतलं, भाषा त्यांना कळत नाही, लांबी अकरा मिनिटं, वर तुमचे डोळे मिटलेले. "भाऊ, नमन कापा. निदान अर्धं करा."

"अर्धं नमन केलं तं देव अर्धा येते का?"

एकदा मात्र ऐकल्यासारखं केलं. लग्नातल्या डीजेवर वाजणारं एक गाणं घेऊन नवी लेव्हल केली. मी खूश झालो. लावून पाहिलं तर धडधड सुरू व्हायच्या आधी झिंगरूचं नमन जोडलेलं. मी कपाळावर हात मारला.

मग एक दिवस ते म्हणाले, "राजू, लोक माह्यं पाहत नाईत. मीच लोकायचं पाहतो." रांगेत पडून राहिलेल्या, कुणी न उघडलेल्या लेव्हली ते एकेक करून खेळायला लागले. चपला काढून, अगदी शेवटच्या ठिपक्यापर्यंत. कुठल्या तरी देशातल्या पोरानं आईच्या शिलाई मशीनच्या आवाजावर केलेली लेव्हल, कुणाचं चर्चमधलं गाणं, कुणाचं नुसतं कुत्र्याचं भुंकणं. खेळून झालं की खाली लिहायचे. एकच वाक्य, माझ्याकडून शिकून घेतलेलं. आय सॅट टिल एंड. मी शेवटपर्यंत बसलो. पोरं उलट लिहायची, थँक्यू सर, तुम्ही पहिलेच. ते वाचून दाखवलं की भोजराजभाऊ मान खाली घालून मिशीतला कोंडा झटकायचे.

हे ग्रुपच्या मुख्य पोराच्या नजरेत आलं आणि त्यानं भोजराजभाऊंनाच रिव्ह्यूअर केलं. मी दुकानात चहा मागवला. म्हटलं, आता काय, आपलाच माणूस सायबाच्या खुर्चीत! मग नियम वाचला. रिव्ह्यूअरला स्वतःची लेव्हल पास करता येत नाही. मला केवढं वाईट वाटलं. त्यांना काही नाही. "बरोबर आहे. आपल्या हातानं आपल्याले हार घालते का कोनी?"

महिना-दीड महिना तो माणूस राजासारखा राहिला. पण बाकीचे रिव्ह्यूअर भराभर उरकायचे आणि हे एकेक लेव्हल शेवटपर्यंत. त्यांच्या वाट्याची रांग फुगत गेली. शेवटी मुख्य पोराचा निरोप आला. अगदी नम्र. सर, तुमच्याकडं फार काम तुंबलंय, पोरं थांबून कंटाळतात, सुरुवात पाहून ठरवत चला, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. मी वाचून दाखवलं. त्यांनी मोबाइल घेऊन फुगलेली रांग खालपर्यंत सरकवून पाहिली. मग म्हणाले, "थांबून कंटाळतेत, हे खरं आहे."

त्यांना थांबणं माहीत होतं. म्हणून ते घाई करायला लागले.

चार-सहा दिवसांनी आले ते बाकावर बसलेच नाहीत. दारातच उभे. तोंड उतरलेलं.

"राजू, मी आज एकाच्या नमनात उठलो."

झालं होतं असं. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं रांग उरकत होते. एक लेव्हल आली. नाव आम्हा दोघांनाही वाचता न येणारं. सुरुवातीला कोरा पडदा, मागं कुणीतरी म्हातारी हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. ठिपका नाही. यांनी दहा-पंधरा सेकंद पाहिलं आणि स्वतःला आलेली जुनी ओळच उतरवून टाकली, सुरुवात रिकामी आहे. पुढची उघडली. मग मशीनवर उभे असताना डोक्यात आलं की आपण काय केलं. मिल सुटताच पुन्हा उघडायला गेले, तर लेव्हल नव्हती. करणाऱ्यानं काढून टाकली होती. नुसती लेव्हल नाही, ग्रुपमधून स्वतःचं नावसुद्धा.

"त्याले लिही ना. म्हनावं, मी बसतो. आता बसतो. परत पाठव."

"कोनाले लिहू, भाऊ? पत्ताच नाई राहिला."

"असं कसं नाई राहिला? मानूस आहे ना कुठं तरी?"

मी शोधलं. खरंच शोधलं, गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून शोधलं. मुख्य पोराला विचारलं. तो म्हणाला, अशी रोज कितीतरी पोरं येतात आणि जातात, लक्षात राहत नाहीत. मी हे भाषांतर करून सांगितलं आणि सांगताना मलाच त्या पोराचा राग आला, या गेमचा आला, रांगेचा आला, सगळ्यांचाच आला. पण रागावून करता काय? कुणी चुकलंच नव्हतं.

भोजराजभाऊंनी त्याच दिवशी रिव्ह्यूअरची जागा सोडली. गेम मात्र ठेवला. येणं थांबलं नाही, पण रिप्लायचं विचारणं थांबलं. आता दारातून एवढंच विचारायचे, "थे पोरगं आलं का परत?" पोरगं की पोरगी, लहान की म्हातारं, आम्हाला काहीही माहीत नाही. मी म्हणायचो, नाही. ते बसायचे. "येईन" म्हणायचे नाहीत. मिलमध्ये ते नीट जेवत नाहीत, डबा तसाच परत येतो, असं वहिनी सांगून गेल्या.

मंडईचे दिवस आले. गावात डीजेची भिंत उभी राहिली होती. संध्याकाळी ते आले, विचारलं, आणि मला ते पाहवलं नाही. मी म्हणालो, "आलं, भाऊ."

"आलं?"

"आलं. परत टाकली त्यानं. दुसऱ्या कोनी तरी खेळली, शेवटवरी. पास झाली."

ते बाकावर बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "नमन कापलं का त्यानं?"

"नाई. होतं तसंच."

"तसंच?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. "मी म्हनत नव्हतो? बसते, राजू. कोनी तरी बसते. बरं झालं बाप्पा. त्या पोराचं बरं झालं."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी खोटं बोलल्याचं पुण्यच मिळालं असतं. पण थोड्या वेळानं त्यांनी शर्टाला पुसून मोबाइल माझ्यापुढं धरला.

"त्याचं नमनासकट झालं, तं माह्यंही होईन. परत पाठव. काई कापजो नको."

मी त्यांच्याकडं पाहिलं. मग लेव्हल पाठवली. रांगेच्या अगदी तळाशी फेट्यातला, मिटल्या डोळ्यांचा फोटो जाऊन बसला. भोजराजभाऊंनी तो पाहिला, समाधानानं मान हलवली आणि उठताना म्हणाले, "उद्या रिप्लाय पाहून ठेवजो."

मी रोज पाहून ठेवतो.